डब्यात उरलेल्या गोळ्या

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, पथकात परिचारिका म्हणून घरभेटीला गेले की मी औषधांचा डबा उघडून पाहते, कारण कागदावर लिहिलेले उपचार आणि घरात प्रत्यक्ष होणारे उपचार यांत पुष्कळदा अंतर पडलेले असते. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात पसरलेल्या एका काकांच्या घरी हे अंतर फारच मोठे निघाले.

काकांना मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी दर ४ तासांनी आणि झोपताना दुप्पट मात्रा असे लिहून दिलेले होते. तरीही वेदना दहापैकी आठवर असल्याचे मुलगा फोनवर कळवत होता आणि मात्रा वाढवण्याचा विचार सुरू झाला होता. डब्यात मात्र निम्म्याहून अधिक गोळ्या तशाच होत्या. काकूंनी वेदनेच्या नोंदींसाठी ठेवलेली वही चाळली, तर सकाळी नऊला ‘बरे’, दुपारी एकच्या पुढे ‘फार दुखते’ आणि पहाटे ‘झोप नाही’ हाच क्रम रोज दिसत होता. गोळी सकाळी एक आणि रात्री एक, एवढीच दिली जात होती.

मुलाला विचारले तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘सिस्टर, सवय लागली तर? आणि आत्ताच एवढं दिलं, तर शेवटी काय देणार?’’ या दुसऱ्या प्रश्नाला कोणी अडाणीपणा म्हणू नये, असे मला वाटते. पुढे वाईट दिवस येणार हे ओळखून तो वडिलांसाठी औषध राखून ठेवत होता. मॉर्फिन असे राखून ठेवावे लागत नाही, वेदना वाढली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्राही वाढवता येते, साध्या गोळीचा परिणाम मात्र सुमारे ४ तासच टिकतो, हे मी त्याला समजावले. शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटायला अधिक वेळ लागला.

काकांची अडचण निराळीच होती आणि ती त्यांनी मुलगा बाहेर गेल्यावर सांगितली. कित्येक दिवस शौचाला न झाल्याने ते स्वतःच गोळी नको म्हणू लागले होते, तर ‘आणखी एक औषध कशाला’ म्हणून घरच्यांनी रेचक बाजूला ठेवले होते. मॉर्फिनमुळे येणारी मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचे असते. मणक्याचा आजार असल्यामुळे पायांतील ताकद, मुंग्या आणि लघवीवरचा ताबा यांचीही मी तपासणी केली, कारण मज्जारज्जूवर दाब आला असेल तर थोडासा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो. तसे काही आढळले नाही.

डॉक्टरांना तिथूनच फोन केला. फोनवरच्या माहितीवर विसंबून मात्रा वाढवली असती आणि घरच्यांनी त्याच दिवसापासून सगळ्या गोळ्या नियमाने दिल्या असत्या, तर काकांना धोकादायक गुंगी आली असती. त्यामुळे डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमपासून, पण ठरलेल्या प्रत्येक वेळेला, नव्याने सुरुवात करायला सांगितले आणि सोबत रेचक दिले. मुलाने माझ्यासमोरच मोबाइलमध्ये गजर लावले.

पुढे मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवल्यावर काकांना पाठीवर सरळ झोपता येऊ लागले. वेदनेमुळे रेडिएशनच्या टणक टेबलावर पडून राहणे आतापर्यंत त्यांना शक्यच नव्हते, त्यामुळे तो उपचार अडून होता. आता ८ ग्रेची (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) एकच मात्रा एका बैठकीत देता आली. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवल्यामुळे घरात घाई झाली नाही. दुखणे उतरल्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन कमी करायला घेतले, तेव्हा ‘‘एकदम बंद केलं तर चालेल का?’’ असे मुलाने विचारले. तसे करायचे नसते, शरीराला त्रास होतो; म्हणून काकूंच्या वहीत आता उतरत्या मात्रेचे वेळापत्रक लिहून दिले आहे.