किल्ल्यांच्या साइटवर सर्च बॉक्स: 'साताऱ्यात' आता सापडतं

सातारा जिल्ह्यातल्या किल्ल्यांच्या वाटा, पाणी, मुक्काम यांची आपली साइट ह्यूगोवर (तयार पानं बनवून देणारं साधन) आहे, मागे सर्व्हर नाही. त्यामुळे शोधही ब्राउझरमध्येच: साइट तयार होताना (बिल्ड) शब्दांची जेसॉन फाइल, म्हणजे इंडेक्स, आणि त्यावर लूनर ही जावास्क्रिप्टची शोध-लायब्ररी. पेटी वरच्या पट्टीत बसली, मोबाइलवर भिंगामागे जाते. सीएसएसबद्दल, म्हणजे दिसण्याबद्दल, सांगण्यासारखं काही नाही.

गंमत पुढे आहे. रोमन लिपीतलं सगळं सापडायचं, 'वासोटा' टाकला की शून्य. लूनरचा ट्रिमर शब्दाच्या दोन्ही टोकांची अक्षर नसलेली चिन्हं कापतो, आणि त्याच्या लेखी अक्षर म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू: ए ते झेड, आकडे, अंडरस्कोर. देवनागरी शब्द अख्खाच छाटला जातो! तो काढून स्वतःचा लिहिला, युनिकोडच्या एल (अक्षरं), एम (जोडचिन्हं), एन (आकडे) वर्गांवर. एम हवाच, काना, मात्रा, वेलांट्या त्यात येतात.

मग 'साताऱ्यात'. कुणी ऱ (यू+०९३१) घेऊन टाइप करतं, कुणी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) आणि य असं. डोळ्यांना एकच, इंडेक्समध्ये दोन. एनएफसीने (युनिकोडचं एकसारखं करण्याचं ठरलेलं रूप) झेडडब्ल्यूजे जात नाही. म्हणून तो गाळला, ऱ चा र केला, १६७३ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल एक केलं. हे फंक्शन शोधशब्दालाही वेगळं लावावं लागतं, कारण शोधशब्दात वाइल्डकार्ड (पुढे काहीही चालेल असं सांगणारं तारांकन) असला की लूनर त्यावर पाइपलाइन, म्हणजे शब्द साफ करायच्या पायऱ्या, चालवत नाही. यात 'दऱ्या' आणि 'दर्या' एक होतात. होऊ देत, आपल्याकडे दऱ्याच दऱ्या, दर्या कुठाय?

विभक्तीसाठी स्टेमर (शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप देणारा) टाळला. शोधशब्दाची शेवटची मात्रा काढून तारांकन जोडतो, की 'पाणी' टाकल्यावर 'पाण्याचं टाकं'ही येतं. 'वाट' टाकली तर 'वाटतं'सुद्धा येतं, आणि आपल्या नोंदींत प्रत्येकाला काही ना काही वाटतंच. त्यामुळे शीर्षकाला जास्त वजन दिलं.

जुन्या नावांसाठी वेगळं फील्ड आहे: 'परळी'ला सज्जनगड, 'नांदगिरी'ला कल्याणगड, 'व्याघ्रगड'ला वासोटा. औरंगजेबाने १७०० मध्ये ठेवलेलं 'आझमतारा' टाकलं तरी अजिंक्यताराच उघडतो.

सापडलेला शब्द पिवळा करणं राहिलंय. झेडडब्ल्यूजे गाळल्यामुळे मूळ मजकुरातली जागा सरकते. जुन्या-नव्या जागांचा तक्ता ठेवायचा की शब्दागणिक पुन्हा जुळवायचं, हे कुणी करून पाहिलं असेल तर कोड दाखवा.