तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गॅप’वर इंजेक्शन घ्यावं का?

‘मणक्यात गॅप पडलाय म्हणतात, इंजेक्शननं भरून येईल का?’ बीड असो की नांदेड, जुन्या कंबरदुखीचा माणूस आधी हेच विचारतो. तर, नाही येणार. एक्स-रेत दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते, तिलाच आपल्याकडे ‘गॅप’ म्हणायची पद्धत पडलीय. चकती झिजते, मणके जवळ येतात, आणि कुठल्याही सुईनं ती चकती पुन्हा फुगत नाही. शिवाय काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या पोरांचे एमआरआय काढले तरी साधारण तिघांत एकाची चकती झिजलेली निघते. ऐंशीच्या घरात तर जवळजवळ सगळ्यांची. म्हणून फिल्म एकटीच बघून सुई ठरवू नये.

मग कशावरून ठरवायचं? कंबर जास्त दुखते की पाय, यावरून. ढुंगणापासून मांडीच्या मागून पोटरीत आणि पार पायाच्या बोटांपर्यंत चमक जात असेल, मुंग्या येत असतील, तर नस दबल्याचा संशय घ्यावा. तिथं एपिड्युरल इंजेक्शनचा, म्हणजे मणक्याच्या आत नसेच्या आवरणाबाहेर स्टिरॉइड सोडण्याचा, विचार होतो. नुसती कंबर धरत असेल, मागं झुकल्यावर किंवा कूस बदलताना जास्त दुखत असेल, तर मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांकडे, म्हणजे फॅसेटकडे, बघावं लागतं. या दोन दुखण्यांच्या सुया वेगळ्या, जागाही वेगळ्या. एकीचं औषध दुसरीकडे चालत नाही.

एपिड्युरलमध्ये पेशंटला पालथं झोपवून पोटाखाली उशी देतात आणि सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत सुई नेतात. नस मणक्यातून जिथं बाहेर पडते त्या छिद्राशी सुई पोचली की आधी औषध नाही, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडायचा, एखादा मिली. डाय नसेच्या कडेनं काळ्या रेघेसारखा सरकला आणि तिथंच थांबला तर जागा बरोबर. सोडल्या सोडल्या वाहून गेला तर सुईचं टोक रक्तवाहिनीत आहे. सिरिंज मागं ओढून रक्त आलं नाही, एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. डाय वाहताना दिसतो, ती खरी खूण. त्यामुळे सी-आर्म न वापरता अंदाजानं टोचून देणाऱ्याला नाही म्हणा. मानेत तर जास्तच जपावं लागतं. दाणेदार स्टिरॉइड तिथल्या धमनीत गेलं तर मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडतो, म्हणून तिथं न साकळणारं डेक्सामेथासोन वापरतात. एपिड्युरल स्टिरॉइडमुळे क्वचित असं गंभीर नुकसान होतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१४ मध्येच दिलाय.

स्टिरॉइडचा गुण यायला दोन-चार दिवस लागतात आणि तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. शुगरवाल्यांची साखर त्यानं आठवडाभर चढू शकते; रोज सकाळ-संध्याकाळ तपासा. आधीच तीनशेला टेकली असेल तर इंजेक्शनची तारीख पुढं ढकला. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आधी थांबवतात खरं, पण स्टेंट नवा असेल तर ती थांबवणं मणक्याच्या दुखण्यापेक्षा महागात पडतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. पाय काही तास बधिर राहू शकतो, म्हणून मोटारसायकलवर एकटं येऊ नये.

फॅसेटचं काम याहून वेगळं, आणि इथंच बरेच जण फसतात. एका सांध्याची जाणीव दोन बारीक नसा वाहतात. प्रत्येक नसेवर लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, अर्धा मिलीपेक्षा जास्त घालत नाहीत. जास्त घातलं की शेजारच्या नसाही बधिर होतात आणि दुखणं नेमकं कुठलं ते कळतच नाही. हा उपचार नाही, ही परीक्षा आहे. तिचा निकाल पुढच्या दोन-चार तासांत लागतो. चार दिवसांनी ‘जरा बरं वाटतंय’ म्हटलं तर ते या हिशेबात धरत नाहीत.

म्हणून त्या सकाळी दुखण्याची गोळी घ्यायची नाही, दुखणं सोबत घेऊनच जायचं. गुंगीचं इंजेक्शन शक्यतो टाळायचं. सुई झाल्यावर घरचे म्हणतात, ‘आता आडवे व्हा, आराम करा.’ नेमकं तेच करू नका. झोपल्यावर कुणाचंही दुखणं कमी होतं. एरवी ज्यानं दुखतं तेच करा: खाली बसून उठा, जिना चढा, भरलेली कळशी उचलून बघा. दर अर्ध्या तासाला शून्य ते दहामध्ये आकडा लिहा. आठाचा तीन झाला तर पास. आठाचा सहा झाला तर दुखणं तिथलं नाही. चांगला आकडा आला तरी वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा करून बघावं, कारण एका सुईचा निकाल बऱ्याचदा फसवा निघतो.

दोन्ही वेळा पास झालात तरच रेडिओफ्रीक्वेन्सी (आरएफ), म्हणजे ती बारीक नस तापवून बंद करणं. सुई नसेला लागून समांतर ठेवतात, कारण उष्णता टोकाच्या पुढं कमी आणि कडेला जास्त पसरते. आडवी टोचली तर नस निसटते. तापवण्याआधी २ हर्ट्‌झचा करंट देऊन बघतात. पाठीचा स्नायू उडाला तर ठीक, पाय उडाला तर सुई मोठ्या नसेजवळ आहे, तिथून हलवायची. मग साधारण ८० अंशांवर ६० ते ९० सेकंद. पहिले एक-दोन आठवडे पाठ उलट जास्त दुखते, घाबरू नये. दुखणं थांबतं ते सहा महिने ते वर्षभर, मग नस पुन्हा वाढते. गुडघ्याच्या जुन्या झिजेवरही हीच तऱ्हा आहे, तिथं तीन नसा.

हे सगळं लिहून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी, तीन महिन्यांहून जुन्या, कॅन्सर नसलेल्या मणक्याच्या दुखण्यावर एपिड्युरलही नको आणि आरएफही नको, असा ठाम सल्ला दिलाय. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं मात्र २०१६ मध्ये, परीक्षेत पास झालेल्यांना आरएफचा विचार करायला वाव ठेवला होता. माझं मत नाइसच्या बाजूनं झुकतं, पण ‘हमखास बरं करतो’ म्हणणारा भेटला तर बीएमजेची आठवण ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या तोंडावर इंजेक्शन घेऊन लगेच मोळ्या उचलायला जाऊ नये. दुखणं झाकलं जातं, कंबर तीच असते. कारखाना बंद होऊन गावी परतल्यावर घ्या. मग आराम मिळालेले सहा-आठ आठवडे चालायला आणि कंबर-पोटाचे व्यायाम करायला हाताशी राहतात. सुई त्यासाठीच होती.

आणि काही लक्षणांना इंजेक्शन थोपवतच नाही. लघवी अडली किंवा कळेना, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, सुईनंतर ताप चढून मान आखडली, तर रात्र असली तरी सकाळच्या एसटीची वाट बघू नका. १०८ लावा.