पायलेथ: चेन ओढली की पट्टा ढिला

8 जून

पायाने पेडल मारून लाकूड कातायचं यंत्र, म्हणजे आमचा पायलेथ, फिरायला लागलं. ‘फिरायला’ म्हणतोय, ‘कातायला’ नाही.

मांडणी अशी. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घराच्या जिन्याखाली दीड इंची अँगलचा सांगाडा आहे. एका टोकाला सायकलची सीट, तिच्याखाली पेडल आणि 48 दातांचं चेनव्हील. तिथून अर्ध्या इंचाच्या पिचची (म्हणजे कडीगणिक अर्धा इंच) साधी चेन पुढच्या चाकाच्या 18 दाती फ्रीव्हीलवर. चाक म्हणजे लेडीज सायकलची 26 इंची रिम, टायर-ट्यूब काढलेली. त्या रिमवरून पट्टा लेथच्या साडेतीन इंची पुलीला. भाचा पेडल मारतो आणि मी लेथच्या पलीकडे त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. तोंडं समोरासमोर असावीच लागतात, कारण लाकूड वरच्या बाजूने कातणाऱ्याच्या अंगावर यायला हवं. पहिल्या मांडणीत आम्ही दोघं एकाच दिशेला बघत होतो आणि पटाशी लाकडात शिरायच्या ऐवजी वर उचलली जात होती. अर्धा दिवस मी पटाशीच्या धारेला शिव्या घातल्या.

हिशेब: 48 भागिले 18 म्हणजे 2.67. रिमवर पट्टा बसतो तिथला व्यास 575 मिमी, पुलीवर 80, म्हणजे 7.2. एकूण साधारण 19 पट. भाच्याने मिनिटाला 60 फेरे मारले की लाकूड 1150 फेरे घेतं. लाटणी, भोवरे, छोट्या डब्या यांना पुरे.

22 जून

आतापर्यंत पट्टा म्हणजे सुताची दोरी होती. दारावर धार लावायला येणारे सायकलवाले पाहून सुचलेली. कोरड्या हवेत बरी चालली. परवा रात्री पाऊस झाला, जिन्याखाली ओल आली आणि सकाळी दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. सूत भिजलं की फुगतं आणि पीळ असलेली दोरी आखडते. दुपारी वाळली, तर लोंबायला लागली. रोज सकाळ-संध्याकाळ लेथ सरकवत बसायचं नसेल तर दोरी नको.

व्ही-पट्टा, म्हणजे खाली निमुळता होत गेलेला रबरी पट्टा, आणायला सियागंज बाजारात गेलो. दुकानदाराला सांगितलं, अठ्ठ्याण्णव इंचाचा पट्टा द्या. त्याने विचारलं, “भिया, नाप अंदर का लिया के बाहर का?” मी गप्प. पट्ट्याच्या नंबरात, म्हणजे ए-96 मध्ये, ए हा पट्ट्याच्या कापाचा आकार (सेक्शन) आणि 96 इंच आतल्या बाजूचे असतात. पट्ट्याच्या कामाची लांबी, म्हणजे जाडीच्या मध्याजवळून मोजलेली, त्यापेक्षा 36 मिमी जास्त भरते. माझा हिशेब 2479 मिमीचा होता, ए-96 ची लांबी 2474. त्याने विचारलं नसतं तर सहाशे रुपयांचा कंबरपट्टा घेऊन घरी आलो असतो.

ए सेक्शनचा पट्टा वरून 13 मिमी रुंद आणि 8 मिमी जाड असतो. पुलीच्या खाचेत तो दोन्ही कुशींवर धरतो, बुडाला टेकत नाही. टेकला तर पकड गेली म्हणून समजा. रिमवर मात्र खाच नाही, नुसतं सपाट पन्हाळ. तिथे तो पोटावर झोपतो. हा जुगाड नाही, मोठं चाक सपाट आणि लहान पुली खाचेची ही रीत कारखान्यांतही चालते. मोठ्या चाकाला पट्ट्याचा विळखाच एवढा मोठा असतो की खाचेची गरज पडत नाही. माझ्याकडे लहान पुलीला 137 अंश विळखा आहे, रिमला 223.

6 जुलै

पट्टा किंचाळतो. पटाशी जरा खोल गेली की लाकूड थांबतं, रिम फिरत राहते आणि जिन्याखालून डुक्कर पकडल्यासारखा आवाज येतो. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

मी केलं ते सगळेच करतात: ओढला. लेथ 6 मिमी मागे घेतला, बोल्ट आवळले. आवाज कमी झाला. पुन्हा ओढला. आवाज बंद. भाचा म्हणाला, “मामा, आज पाय भरून आले.” मी म्हटलं, क्रिकेट खेळून आला असशील. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, म्हणून मीच सीटवर बसलो. पाच मिनिटांत कळलं. चढावर ब्रेक लावून सायकल चालवल्यासारखं.

मोटर असती तर मला हे कधीच समजलं नसतं. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे 746 वॅट. तिच्यापुढे आवळलेल्या पट्ट्याने खाल्लेले थोडे वॅट म्हणजे किस झाड की पत्ती. माणूस तासभर टिकून देतो ते 75 वॅटच्या आसपास. त्यातलेही थोडे गेले तर उरतं काय?

त्यात भर म्हणून मी पट्ट्याला राळ चोळली. ती गोष्ट लांबवत नाही. चिकट झाला, लाकडाचा भुगा चिकटला, रॉकेलच्या फडक्याने पुसताना रबर फुगेल की काय या भीतीने शेवटी साबणाच्या पाण्याने धुतला.

9 जुलै

शेजारचे नाना येऊन बघून गेले. नाना हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, 1991 च्या डिसेंबरात मिल बंद पडली तोपर्यंत. खुर्ची दिली तरी बसत नाहीत, यंत्राभोवती फिरतात. त्यांनी पट्टा दोन बोटांनी दाबला, सोडला, आणि विचारलं, “हा घसरतो कुठे?”

“घसरतो म्हणजे, नाना, पट्टाच घसरतो.”

“अरे पण कुठल्या चाकावर?”

हा प्रश्न महिनाभर मला पडला नव्हता. नानांनी खडू मागितला. रिमवर, पट्ट्यावर, पुलीवर एकेक रेघ मारली. मला लेथचं डोकं पक्कं धरायला लावलं आणि स्वतः हाताने पेडल दाबलं. पुलीवरची रेघ पट्ट्याबरोबर जागच्या जागी. रिम मात्र पट्ट्याखालून सरकली. क्रोमची गुळगुळीत रिम, त्यात स्पोकच्या निपलची डोकी, म्हणजे पट्टा धरणार कशाला! मी ताण देत होतो तो रिमच्या गुळगुळीतपणावर उतारा म्हणून.

नाना जाता जाता म्हणाले, “आमच्याकडे नवा पोरगा असंच करायचा. पट्टा ओरडला की आवळ. मग बेअरिंग ओरडलं की ग्रीस भर.”

संध्याकाळी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून रिमच्या पन्हाळात सोल्यूशनने चिकटवली. जोड तिरका कापला, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टक्‌ लागतं.

13 जुलै

आज मोजमाप. सामान तोलायचा हुकवाला काटा पट्ट्याच्या मधोमध अडकवला आणि पट्टा 10 मिमी खाली येईपर्यंत ओढला. 10 मिमी का, तर पट्टेवाल्यांचा नेम: मोकळ्या लांबीच्या दर मीटरला 16 मिमी. माझी मोकळी लांबी, म्हणजे रिम आणि पुली यांच्या मधला कशालाही न टेकलेला पट्टा, 633 मिमी.

आधीच्या, आवळलेल्या अवस्थेत काटा दाखवत होता 2.2 किलो. दोरीचं साधं गणित आहे: ताण म्हणजे जोर गुणिले लांबी, भागिले पट्टा जितका खाली आला त्याच्या चौपट. 2.2 × 633 ÷ 40, म्हणजे 35 किलो. पट्ट्याच्या दोन तिरक्या बाजू धरल्या तर पुलीच्या शाफ्टवर सतत 65 किलोची ओढ. लेथच्या डोक्याला 204 नंबरची दोन पेडस्टल बेअरिंग आहेत; वजन ती सोसतील, पण त्या ओढीत फिरवायचं पायांनी.

आता गरज किती? रिमचा कड 4.8 मीटर प्रतिसेकंद वेगाने जातो. 75 वॅट भागिले 4.8, म्हणजे 15-16 न्यूटन, दीड किलोच्या आसपास. एवढीच खरी ओढ पट्ट्याला न्यायची आहे! हे उत्तर तीनदा तपासलं. पटाशी अडकते तेव्हा क्षणभर कितीतरी पट लागते हे खरं, पण 35 किलो?

तेच 75 वॅट चेनकडे बघा. चेनचा वेग फक्त 0.61 मीटर प्रतिसेकंद, म्हणून तिथे ओढ साडेबारा किलो. चेनला मात्र आधीचा ताण लागतच नाही, ती दातांवर चालते. पट्ट्याला पकडीसाठी ताण द्यावा लागतो, चेनला दिला तर ती नुसती झिजते. माझ्या यंत्रात दोन्ही शेजारी आहेत आणि मी दोघांना एकच न्याय लावत होतो.

ट्यूबची पट्टी लावल्यावर काटा 700 ग्रॅमवर येईपर्यंत पट्टा सैल केला. ताण 11 किलो, शाफ्टवर साधारण 20. पट्टेवाल्यांच्या तक्त्यात एवढ्या पुलीला एक ते दीड किलोचा जोर सांगतात, पण तो मोटरवाल्यांसाठी. मुद्दाम जाडा काप घेतला. लाकूड मंदावलं, पट्टा घसरला नाही.

आणि आमची गरगर चाचणी: साठच्या लयीत पेडल मारून पाय सोडायचे आणि लाकूड थांबेपर्यंत सेकंद मोजायचे. आवळलेल्या पट्ट्यावर 6. आता 15. फ्रीव्हील असल्यामुळे पाय थांबले तरी चाक फिरत राहतं, त्यामुळे चाचणी सोपी होते. त्याच कारणाने पाय थांबलेत म्हणून कुणी रिमजवळ बोट नेऊ नये.

20 जुलै

चेन. दर फेऱ्याला एकदा ‘कर्र’ व्हायचं आणि पाय अडखळायचा.

सायकलवाला चेन तपासतो तसं मीही मध्ये बोट लावून अर्धा इंच खेळ ठेवला होता. पण कुठे ठेवला? पेडल जिथे थांबलं होतं तिथे. चेनव्हील हळूहळू फिरवत बघितलं तर एका जागी खेळ 14 मिमी, अर्धा फेरा पुढे 3 मिमी. जुन्या सायकलचं चेनव्हील, कधीतरी पडून वाकलेलं, बरोबर मध्यावर फिरत नाही. म्हणून आधी सगळ्यांत घट्ट जागा शोधायची, खडूची खूण करायची आणि खेळ तिथे मोजून ठेवायचा. मग सैल जागा कितीही लोंबो.

नानांनी त्या दिवशी आणखी एक दाखवलं होतं, ते मी नंतरसाठी ठेवलं होतं. सायकलमध्ये चाक मागे असतं, त्यामुळे चेनची वरची बाजू ओढली जाते आणि खालची सैल राहते. तसंच हवं. माझं चाक पेडलच्या पुढे आहे. म्हणून खालची बाजू ओढते आणि सैल बाजू वर. वरची चेन लोंबली की चेनव्हीलच्या दातांतून नीट सुटत नाही. पट्ट्याचं याच्या उलट, सैल बाजू वर असली तर पट्टा झोळ घेऊन पुलीला जास्त कवटाळतो. माझा पट्टा सुदैवाने बरोबर, चेन उलटी. सगळा सांगाडा पालटायचा जीव नव्हता. गिअरच्या सायकलची 11 दाती जॉकी, म्हणजे सैल चेन ताणून धरणारं छोटं चाक, अटालेवाल्याकडून (भंगारवाल्याकडून) 40 रुपयांना आणली, स्प्रिंगवर बसवून वरच्या सैल बाजूला बाहेरून टेकवली. ओढणाऱ्या बाजूला बसवली असती तर प्रत्येक पायाबरोबर नाचली असती.

झीजही मोजली. नवी चेन 24 कड्यांत बरोबर 12 इंच भरते. माझी सव्वाबाराला जरा कमी. चेन ताणली जात नसते, कड्यांच्या पिना आणि बुश झिजतात आणि लांबी वाढते. 12 इंचांवर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच वाढली की माझ्या मते चेन गेली. ही केव्हाच गेलेली. नवी टाकली तर जुन्या फ्रीव्हीलच्या झिजून अणकुचीदार झालेल्या दातांवर उड्या मारायला लागली. तेही बदललं.

3 ऑगस्ट

नवी चेन ओढून घ्यायला चाकाचा ॲक्सल 5 मिमी पुढे घेतला. चेन झकास. पट्टा लगेच ढिला, कारण चाक लेथकडे सरकलं. दोन्ही एकाच ॲक्सलवर लटकलेत हे कागदावर दिसत होतं, हाताला आज कळलं. आता क्रम ठरलाय: आधी ॲक्सल सरकवून चेन, मग चाकाला हात न लावता फक्त लेथ सरकवून पट्टा. त्यासाठी लेथच्या पायाच्या खाचा 15 मिमीच्या होत्या त्या कापून 60 केल्या. पट्टा चढवायला 20 मिमी जवळ यावं लागतं आणि पुढे पट्टा वाढेल तेवढी जागा मागे लागते. जुन्या खाचा असताना मी पट्टा स्क्रूड्रायव्हरने रिमवर चढवत होतो. तसं करू नका, आतला दोरा तुटतो, बाहेरून दिसत नाही आणि मग पट्टा एका जागी उड्या मारतो.

ॲक्सलच्या दोन्ही बाजू सारख्या सरकल्या का, हे सुतळीने बघितलं. रिमच्या कडेला दोन जागी टेकवून सुतळी पुलीपर्यंत ताणली. पुलीजवळ 7 मिमी बाहेर. डावा नट दीड फेरा.

10 ऑगस्ट

नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांच्या कामात बसतो आणि सैल होतो. आमचे रविवार मोजले तर दहा-बारा तास झाले असतील. काटा आज 10 मिमीला 450 ग्रॅम दाखवतोय. लेथ 3 मिमी मागे घेतला, 700 वर आणला, सांगाड्यावर खडूऐवजी पोगराने खूण ठोकली.

शिसवीचं एक लाटणं पूर्ण झालं, 32 मिमी जाड, मधे अर्धा मिमी फुगीर. भाच्याने सलग अठरा मिनिटं पेडल मारलं आणि उतरल्यावर आधी विचारलं, “मामा, आज पट्टा लावला होता ना?” जॉकीची स्प्रिंग अजून कडक आहे, वरून चेन खरखरते. पुढच्या रविवारी ती बदलतो.