चिमूटभर पराग

आमच्या हरितगृहात पॅसिफ्लोरा रेसमोसाचे तीन वेल आहेत. लाल कृष्णकमळच म्हणा, फक्त फुलं एकेकटी येत नाहीत, लोंबत्या तुऱ्यावर ओळीने लागतात. मूळचा हा वेल ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरो आणि एस्पिरितो सांतो इथल्या अटलांटिक जंगलातला. तिथे परागीकरण हमिंगबर्ड करतात. इथे ते काम माझ्याकडे.

तीन वर्षं मी या वेलाचे पराग त्या वेलाला लावत होतो. फळ एकही नाही. खत बदललं, कुंड्या बदलल्या. पाणी तोडून पाहिलं तर कळ्याच गळाल्या. मग कधीतरी ट्यूब पेटली: तिन्ही वेल एकाच वेलाच्या छाट कलमांपासून केलेले. दिसायला तीन, पण झाड एकच! आणि कृष्णकमळाच्या बऱ्याच जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. (हे मला माहीत होतं, हेच जास्त लागलं.)

शेवटी दुसऱ्या एका संग्रहातून, बियांपासून वाढवलेल्या वेलाचे पराग आले. सिलिका जेल घातलेल्या डबीत एक नळी, तळाशी चिमूटभर पिवळी भुकटी. त्या सकाळी दोनच फुलं उमलली होती.

शिडीवर चढून ब्रश काढला, तोच खालून वरिष्ठ म्हणाले, "थांब. कुक्षी वाकल्यात का बघ आधी."

नव्हत्या वाकल्या. फूल उमलतं तेव्हा तिन्ही कुक्षी, म्हणजे पराग घेणारी टोकं, परागकोशांपासून लांब, ताठ असतात. नंतर त्या हळूहळू वळून परागकोशांच्या पातळीला येतात. आमचं फूल लोंबतं, त्यामुळे हे वळणं वरच्या बाजूला, पाकळ्यांकडे. मी मान वाकडी करून बघत बसलो. तासाभराने एका फुलाच्या तिन्ही वळल्या. दुसरं फूल दुपारपर्यंत तसंच ताठ. पॅशनफ्रूट म्हणजे फळासाठी लावतात ते कृष्णकमळ, त्याच्या बागांतही अशी फुलं निघतात, त्यांना फळ धरत नाही. तरी पराग निम्मे निम्मे करायचा मोह झालाच. आवरला. सगळे पहिल्यालाच लावले, हिरवट टोकं पिवळी दिसेपर्यंत, आणि देठाला दोरा बांधला.

चौथ्या दिवशी ताठ फूल गळून पडलं होतं. दोरा बांधलेल्याच्या सुकलेल्या पाकळ्यांतून हिरवा अंडाशय डोकावतोय, आधीपेक्षा जाडसर. रोज सकाळी शिडी लावतो, बघतो, हात लावत नाही.