पट्टी दिसली, पण एन्झाइम कुठं आहे?

प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारा एन्झाइम, शुद्ध झाल्याचा पुरावा म्हणून एसडीएस-पेज या प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरची एक ठसठशीत पट्टी दाखवली जाते आणि बघणारे माना डोलावतात. त्या पट्टीवरून एवढंच कळतं की नमुन्यात अमुक वजनाचं एक प्रथिन भरपूर आहे. ते प्रथिन प्रोटिएझच आहे की नाही, हे ती जेल सांगत नाही. सांगणार तरी कशी? जेलवर चढवण्याआधी आपणच ते एसडीएस या प्रथिन उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटं शिजवलेलं असतं.

उदाहरणाला लोणार घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्काघातानं बेसाल्टमध्ये पडलेल्या खड्ड्यात साठलेलं आहे. पाणी खारं आणि पीएच १० च्या आसपास. (परिसर अभयारण्य आहे, त्यामुळे बाटली बुडवायच्या आधी वनखात्याची परवानगी.) अशा पाण्यातले बॅसिलस जिवाणू जी प्रोटिएझ बाहेर सोडतात ती अल्कधर्मी द्रावणातच जोमानं चालते. कपड्यांच्या पावडरीत नेमकी अशीच लागते.

अशा जिवाणूंची निवड स्किम मिल्क अगारवर, म्हणजे साय काढलेलं दूध घातलेल्या घट्ट माध्यमावर करतात. माध्यमाचा पीएच चढवायला लागणारा सोडियम कार्बोनेट वेगळा ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळायचा, नाहीतर दूध तपकिरी होतं. वसाहतीभोवती पारदर्शक कडं आलं की लगेच हुरळून जाऊ नये. प्लेटवर १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, म्हणजे टीसीए, ओतून बघावं. उरलेलं केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, पांढरं साखळतं, आणि जिथं ते खरोखर खाल्लं गेलंय तिथंच कडं टिकतं.

द्रव माध्यमात ४८ तास वाढवलेले जिवाणू १०,००० जी वर १५ मिनिटं, ४ अंशांवर फिरवले की वरचं निवळ पाणी हाच आपला कच्चा एन्झाइम. आता त्याची ताकद मोजायची. ५० मिलिमोलर ग्लायसिन-सोडियम हायड्रॉक्साइड बफरमध्ये, पीएच १० ला, एक टक्का केसिन विरघळवतात. ८० अंशांपर्यंत तापवून ढवळायचं, पण उकळी येऊ द्यायची नाही. २.५ मिलि केसिन आणि ०.५ मिलि एन्झाइम ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवून २.५ मिलि १० टक्के टीसीएनं थांबवायचं. अर्धा तास तसंच ठेवलं की न तुटलेलं केसिन खाली बसतं. गाळलेल्या पाण्यातल्या १ मिलिला सोडियम कार्बोनेट आणि फोलिनचं रसायन घालून ६६० नॅनोमीटरवर ओडी, म्हणजे प्रकाशाचं शोषण, घ्यायची आणि टायरोसिन या अमिनो आम्लाच्या आलेखावरून आकडा वाचायचा. ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या कोऱ्या नळीत, क्रम उलटा: आधी एन्झाइम आणि टीसीए, मग केसिन. नुसतं पाणी ब्लँक म्हणून ठेवलं तर माध्यमातल्या पेप्टोनचे, म्हणजे आधीच तोडलेल्या प्रथिनाचे, तुकडे एन्झाइमच्या खात्यावर जमा होतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या शेवटच्या हिशेबात. समजा त्या १ मिलिमध्ये ०.०८ मायक्रोमोल टायरोसिन निघालं. एकूण द्रव ५.५ मिलि, म्हणजे एकूण ०.४४ मायक्रोमोल. दहा मिनिटांनी भागलं की ०.०४४. ते ०.५ मिलि एन्झाइमचं, म्हणून दर मिलिला ०.०८८ युनिट (मिनिटाला एक मायक्रोमोल टायरोसिन म्हणजे एक युनिट). या ५.५ नं गुणायचं राहून गेलेले कितीतरी प्रबंध असतील. आणि हा आकडाही एकटा कामाचा नाही. त्याच पाण्यात दर मिलिला ०.२ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर विशिष्ट क्रियाशीलता ०.४४ युनिट प्रति मिलिग्रॅम येते, आणि शुद्धीकरण पुढं सरकतंय का हे याच आकड्यावरून कळतं. एकूण युनिट थोडे घटले तरी चालतील, हा आकडा मात्र प्रत्येक पायरीला चढला पाहिजे.

प्रथिन मोजायला अशा माध्यमासाठी ब्रॅडफर्डची पद्धत बरी. तिच्यातला कूमासी रंग प्रथिनाला चिकटला की त्याचं शोषण ४६५ वरून ५९५ नॅनोमीटरला सरकतं, पण अगदी छोट्या पेप्टाइडला तो जवळपास चिकटतच नाही. लाउरीची पद्धत पेप्टोनलाही प्रथिन समजते आणि विशिष्ट क्रियाशीलता विनाकारण पडलेली दिसते. ब्रॅडफर्डची खोड वेगळी: नमुन्यात एसडीएस किंवा ट्रायटनसारखा डिटर्जंट असला की ती काहीही सांगते.

मग प्रथिनाचा साका पाडायला मीठ. १०० मिलि कच्चा एन्झाइम बर्फात ठेवून त्यात ४३.६ ग्रॅम अमोनियम सल्फेट घातलं की ७० टक्के संपृक्तता येते. चिमूट चिमूट, अर्ध्या तासात, फेस न काढता. फेसात प्रथिनं उलगडतात आणि बिघडतात. मिठानं पीएच खाली येतो, तो मधूनमधून तपासावा. पीएच १० ला अमोनियाही उडतो, तेव्हा हे काम फ्यूम हूडमध्ये. खाली बसलेला साका थोड्या बफरमध्ये विरघळवून १० ते १२ किलोडाल्टनच्या पिशवीत डायलिसिसला लावायचा, म्हणजे मीठ बाहेर झिरपतं. ते अर्धवट सोडलं तर शिक्षा पुढं जेलवर मिळते: खारट नमुन्याची लेन वेडीवाकडी होते आणि शेजारच्या लेनलाही चेपते.

जेल लेमलीच्या १९७० च्या पद्धतीची. १० मिलि, १२ टक्क्यांच्या खालच्या जेलला पाणी ३.३ मिलि, ३० टक्के ॲक्रिलमाइड ४ मिलि, पीएच ८.८ चा १.५ मोलर ट्रिस २.५ मिलि, १० टक्के एसडीएस ०.१ मिलि, १० टक्के अमोनियम परसल्फेट ०.१ मिलि, आणि सगळ्यात शेवटी टेमेड ४ मायक्रोलिटर (परसल्फेट आणि टेमेड मिळून जेल गोठवतात). वरची ५ टक्क्यांची जेल पीएच ६.८ ची. परसल्फेट ताजं नसेल तर जेल तासभर पाणीच राहते आणि दोष टेमेडला दिला जातो. न गोठलेलं ॲक्रिलमाइड चेतासंस्थेला विषारी आहे, हातमोजे काढू नयेत. रनिंग बफरचा पीएच ८.३ आपोआप येतो. तो आला नाही म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल टाकणाऱ्यानं समजावं की वजनात चूक आहे. वरून घातलेल्या क्लोराइडनं जेलची सगळी चाल बिघडते. नमुना पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये असेल तर एसडीएस पांढरा होऊन खाली बसतो. सोडियमवर यावं.

प्रोटिएझच्या नमुन्याला आणखी एक धोका आहे. सँपल बफरमधला एसडीएस बाकीची प्रथिनं लगेच उलगडतो, पण सबटिलिसिनसारखी (बॅसिलसची सेरीन प्रोटिएझ) दणकट प्रोटिएझ तग धरते. उकळी बसेपर्यंतच्या त्या मिनिटा-दोन मिनिटांत तिच्यासमोर ताट वाढलेलंच असतं. परिणाम म्हणजे लेनमध्ये वरून खालपर्यंत धुरकट पट्टा आणि तळाशी तुकड्यांचा ढीग. नमुना खराब झाला असं वाटतं, प्रत्यक्षात तो आपण ट्यूबमध्येच खाऊ घातलेला असतो. उपाय दोन. एक, आधी १० टक्के टीसीएनं बर्फात अर्धा तास साका पाडून, थंड ॲसिटोननं धुऊन मगच सँपल बफर घालायचा. ॲसिटोननं नीट धुतलं नाही तर उरलेल्या आम्लानं सँपल बफरमधला निळा ब्रोमोफेनॉल रंग पिवळा पडतो, ही खूण सोपी आहे. दोन, आधी १ मिलिमोलर पीएमएसएफ, म्हणजे सेरीन प्रोटिएझ बंद पाडणारं रसायन, देऊन थांबायचं. ते पाण्यात टिकत नाही: पीएच ८ ला २५ अंशांवर अर्ध्या तासाच्या थोडं पुढं निम्मं उरतं, आणि पीएच जितका जास्त तितकं आणखी लवकर संपतं. सकाळी मिसळून दुपारी वापरलेल्या बफरात ते नावापुरतंच असतं.

आता खरी परीक्षा, झायमोग्राम, म्हणजे एन्झाइमचं काम जेलमध्येच दाखवणारी जेल. जेल तीच, फक्त पाण्यातलं १ मिलि कमी करून त्याजागी १ टक्का जिलेटिन घालायचं, म्हणजे जेलमध्ये ०.१ टक्का होतं. जिलेटिन कोमट करून विरघळवावं, पण गरम गरम ओतू नये. जेल ओतता ओतताच आवळते. सँपल बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) नाही आणि उकळणं नाही. जेल ४ अंशांवर चालवायची, नाहीतर एन्झाइम वाटेतच जिलेटिन खात जातो आणि विहिरीपासून खाली पांढरी शेपटी ओढली जाते. नंतर २.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन धुण्या. एसडीएस निघून जातो, प्रथिन पुन्हा घडी घालतं. मग पीएच १० च्या बफरमध्ये ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून जेल ३७ अंशांवर ठेवायची आणि शेवटी कूमासीनं रंगवायची. सगळी जेल निळी, आणि जिथं प्रोटिएझ आहे तिथं पांढरी खिडकी.

किती वेळ ठेवायची हे आधी ठरवता येत नाही. तासाभरानं एक तुकडा कापून रंगवावा. रात्रभर ठेवलेल्या जेलवर खिडकीऐवजी अख्खी लेनच धुतलेली दिसली तर नमुना जास्त झाला. साध्या जेलला कच्चा नमुना १० ते २० मायक्रोग्रॅम लागतो, इथं त्याचा विसावा हिस्साही पुष्कळ. खिडकी अजिबात आली नाही तर पहिला संशय ट्रायटनच्या धुणीवर घ्यावा.

पण या खिडकीवरून वजन वाचू नये. न उकळलेलं, अर्धवट घडीतलं प्रथिन एसडीएस कमी धरतं आणि जेलमधलं जिलेटिन त्याला अडवतं, त्यामुळे ती जागा खरी नसते. वजन उकळलेल्या जेलवरून वाचायचं, काम झायमोग्रामवरून. एक नमुना, दोन जेल.

झायमोग्रामच्या पट्ट्या कापून एक पीएमएसएफमध्ये आणि एक धातू ओढून घेणाऱ्या ईडीटीएमध्ये ठेवली की एन्झाइमचा वर्गही कळतो. पीएमएसएफनं खिडकी बुजली तर सेरीन प्रोटिएझ, ईडीटीएनं बुजली तर धातूवाली, म्हणजे धातूच्या आधारानं चालणारी. यात फसगत अशी की सबटिलिसिनला टिकायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते काढून घेतं आणि सेरीन प्रोटिएझही मंदावते. ईडीटीएच्या पट्टीत खिडकी नुसती फिकी पडली असेल तर धातूवाली म्हणून घोषणा करू नये.

शिजवलेल्या जेलचा आंधळेपणा रोगाच्या बाबतीत जास्त महाग पडतो. सिकल सेलच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. वजनात फरक अवघा ३० डाल्टनचा. एसडीएस-पेजवर निरोगी आणि आजारी रक्त एकाच जागी येतं. फरक आहे तो विद्युतभाराचा, आणि एसडीएस नेमका तोच झाकून टाकतो. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांना तो दिसला, कारण त्यांनी हिमोग्लोबिन न उलगडता विद्युतक्षेत्रात पळवलं. १९५६ मध्ये इंग्रॅमनं केंब्रिजला हिमोग्लोबिन ट्रिप्सिननं तोडून तुकडे कागदावर पसरवले. तीसेक ठिपक्यांत एकच ठिपका हललेला निघाला. तिथं प्रोटिएझ हेच हत्यार होतं.

आजही गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकल सेलची तपासणी करताना हाच प्रश्न असतो. पीएच ८.६ ला सेल्युलोज ॲसिटेटवर निरोगी हिमोग्लोबिन ए सगळ्यात पुढं, मग बाळांतलं एफ, मग सिकलचं एस. वाहकात, म्हणजे एकच सदोष जनुक असलेल्यात, ए आणि एस दोन्ही पट्ट्या, ए जाड आणि एस साधारण ३५ ते ४० टक्के. पण हिमोग्लोबिन डी-पंजाब हा वेगळा प्रकार नेमका एसच्या जागेवर धावतो, म्हणून दुसरी खातरजमा हवीच: पीएच ६.२ ची सायट्रेट अगार किंवा एचपीएलसी. वस्तीवर करायची सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे डायथायोनाइट घातलेल्या नळीमागच्या रेघा दिसतात का ते बघणं, वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत एफ जास्त असल्यानं ती फसते, रक्त फार कमी असेल तेव्हाही. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का हे विचारल्याशिवाय कुठलीच पट्टी वाचू नये. दात्याचं ए रुग्णाला वाहक करून दाखवतं.

जेलला न दिसणारे ते ३० डाल्टन वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला दिसतात: बीटा साखळी १५,८६७ आणि सिकलची १५,८३७. माल्डी-टॉफ या अशाच यंत्रावर जिवाणू ओळखतात ते याच बळावर. १८ ते २४ तासांची ताजी वसाहत दातकोरणीनं धातूच्या ताटलीवर पातळ फासायची, १ मायक्रोलिटर ७० टक्के फॉर्मिक आम्ल, वाळलं की १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स (लेसरची ऊर्जा शोषणारं रसायन), पुन्हा वाळवायचं. २,००० ते २०,००० डाल्टनमधली मुख्यतः रायबोसोमची प्रथिनं एक नक्षी देतात, ती साठ्यातल्या नक्षींशी ताडली जाते. ब्रुकरच्या यंत्रावर २.० च्या वर गुण आले तर जात धरतात, १.७ ते १.९९ ला फक्त गण. थर जाड फासला तर नक्षी सपाट येते. एशेरिकिया कोलाय आणि शिगेला यांची नक्षी इतकी सारखी की हगवणीच्या रुग्णाच्या नमुन्यात यंत्रानं कोलाय म्हटलं तरी जैवरासायनिक आणि सीरमची चाचणी टाळता येत नाही.

लोणारचा बॅसिलस इथं बहुधा नापास होतो. जुन्या वसाहतीत बीजाणू झालेले असतात आणि ते फोडणं कठीण. कार्बोनेटच्या माध्यमातलं मीठ मॅट्रिक्सचे स्फटिक बिघडवतं. म्हणून पेशी आधी पाण्यानं, मग ७५ टक्के इथेनॉलनं धुऊन, फॉर्मिक आम्ल आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये प्रथिनं काढून चढवाव्यात. तरीही गुण १.७ च्या खाली आले तर दोष नमुन्याचाच असेल असं नाही. साठा मुख्यतः रुग्णांकडच्या जिवाणूंवर उभारलेला आहे, सरोवरातल्या नव्हे. मग जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाकडं वळायचं, आणि तिथंही बॅसिलस सबटिलिस आणि त्याचे भाऊबंद ९९ टक्क्यांच्या वर सारखे निघतात, तेव्हा जोडीला जायरेझ-बी जनुकाचा क्रम काढून ठेवावा.