कुत्रं पिसाळलं नाही ओ, खुशीत पळायलंय

आमच्या लातूरकडं कुत्र्याला एकदम पळायचा झटका आला की शेजारच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुत्रं पिसाळलं का ओ तुमचं? कामून पळायलंय असं?" आणि विचारता विचारताच हात दगडाकडं गेलेला असतो. यावर मला कधीपासून लिहायचं होतं, कारण यात मार खाणारं कुत्रं बहुतेक वेळा एकदम ठणठणीत असतं, आणि जे खरंच पिसाळलेलं असतं ते कधीकधी कोपऱ्यात गप पडून असतं आणि लोक "आजारी दिसतंय बिचारं" म्हणत त्याच्या जवळ जातात.

आमचा भुऱ्या गावठी आहे, अंगानं सडपातळ. त्याला हा झटका हमखास येतो तो आंघोळीनंतर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस बघितल्यापासून आमच्या घरात पाणी जपूनच वापरतात, त्यामुळं भुऱ्याची आंघोळ गच्चीवर, थोडक्या पाण्यात, आणि खाली वाहिलेलं पाणी कुंड्यांना. आंघोळ चालू असताना तो अगदी अंग चोरून उभा असतो, कान मागं, शेपूट पोटाखाली. टॉवेल अंगावरून निघाला की एकदा जोरात अंग झटकतो, एक सेकंद थांबून माझ्याकडं बघतो आणि सुटतो. गच्चीवरून जिना, जिन्यातून हॉल, हॉलमधून दिवाणावर, दिवाणावरून परत खाली, शहाबादी फरशीवर नखं खर्रर्र वाजतायत, मागचा भाग एवढा खाली घेतलेला की बूड फरशीला घासतंय असं वाटावं, पाठीची कमान झालेली, डोळे मोठे, आणि वळताना चारही पाय एका बाजूला घसरतात तरी वेग कमी करत नाही. मध्येच थबकून पुढची कोपरं जमिनीला टेकवतो, बूड वर करतो, आणि परत सुसाट. दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं. मग वाटीभर पाणी लपलप पिऊन गार फरशीवर पोट टेकवून मागचे पाय बेडकासारखे पसरून पडतो.

याला सगळीकडं झूमीज म्हणतात, आणि प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे फ्रेनेटिक रँडम ॲक्टिव्हिटी पिरियड्स असं लांबलचक नाव वापरतात. आजार नाही हा. अंगात साठलेला जोर बाहेर पडतो, किंवा मनावरचा ताण सुटतो. म्हणून तर आंघोळीनंतर होतं, डॉक्टरकडून घरी आल्यावर होतं, गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढली की होतं, दिवसभर घरात कोंडून राहिलं आणि संध्याकाळी माणूस दारात दिसलं की होतं, आणि शी करून आल्यावर पण होतं, हे कुत्रं पाळणारा कुणीही सांगेल. पिल्लांना आणि तरण्या कुत्र्यांना जास्त, पण म्हातारं कुत्रंही एखाद्या गार सकाळी दोन फेऱ्या मारून घेतं. आपल्याकडं उन्हाळ्यात तर वेळच ठरलेली असते, दिवसभर कुलरसमोर नाहीतर बाजेखाली पडलेलं कुत्रं ऊन उतरलं की एकदम जागं होतं.

ती कोपरं टेकवून बूड वर करायची पोज नीट बघा कधी. कुत्रं त्यातून समोरच्याला सांगत असतं की आता जे करीन ते खेळ आहे. अमेरिकेतले मार्क बेकॉफ यांनी कुत्र्यांच्या खेळाचा बरीच वर्षं अभ्यास केला, त्यांना दिसलं की खेळता खेळता जोरात चावून मान हलवायची असली की त्याच्या आधी किंवा लगेच नंतर कुत्रं ही पोज घेतं, म्हणजे समोरच्याचा गैरसमज नको. एवढी काळजी घेणाऱ्या जनावराला आपण वेडं म्हणतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? गावाकडं गोठ्यात देवणीचं वासरू सोडलं की शेपूट उभी करून आवारभर उधळतं, उस्मानाबादी शेळीचं करडू उभ्या जागी चारही पायांवर उड्या मारतं, तेव्हा आजी काय म्हणायची, "खेळायलंय लेकरू." कुणी काठी नाही घेत. मग कुत्र्यानं तेच केलं की पोटात गोळा का यावा? कारण रेबीज, आणि ती भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस काय, कुत्रं काय, वाचत नाही जवळजवळ. म्हणूनच फरक ओळखता आला पाहिजे.

खुशीत पळणारं कुत्रं दोन-चार मिनिटांत थांबतं, नाव घेतलं की कान टवकारतं, तुमच्याकडं बघतं, पाणी पितं, भाकरी खातं, आणि पाच मिनिटांनी कालच्यासारखंच असतं. पिसाळलेल्याचं तसं नाही. त्याचं वागणं बदलतं ते परत सुधारत नाही, दिवसागणिक वाढतच जातं. प्रेमळ कुत्रं अंगावर यायला लागतं नाहीतर चावरं कुत्रं एकदम शांत होऊन अंधारात बसतं. आवाज बदलतो, घोगरा होतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, चालताना मागचे पाय लटपटतात. आणि इथं एक गोष्ट ठळक सांगते, तोंड उघडं आणि लाळ गळतीय बघून "घशात हाड अडकलं वाटतं" म्हणून हात घालायला जाऊ नका, कधीच नाही. लांब राहा, लेकरांना लांब ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हळद-मिरची-चुना काही लावायचं नाही. घरच्या कुत्र्याला पिल्लू 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग ठरलेल्या वेळेला परत. भुऱ्याचं लसीचं कार्ड मी दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवलंय, कुणी विचारलं की सरळ दाखवते, वाद तिथंच मिटतो.

फिट येणं, म्हणजे आकडी, हा अजून एक प्रकार. त्यात कुत्रं आडवं पडतं, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, लघवी होते, हाक मारली तर ओळख नसते. त्याला पळण्याचा झटका समजून सोडून देऊ नका, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरला दाखवा, तोंडात काही घालू नका.

आता पळतंय तर पळू द्या, पण जागा बघा. घोटलेली शहाबादी आणि गुळगुळीत टाइल्स यांच्यावर वळताना गुडघ्याचा सांधा दुखावतो. लातुरात डाळ मिलमुळं बारदानाला तोटा नाही, मी जिन्याखाली आणि हॉलच्या वळणावर बारदान अंथरते, खाली चिकटपट्टी लावून, म्हणजे तेच सरकत नाही. सतरंजी तेवढी कामाची नाही, गोळा होते. गेट आधी लावायचं, कारण या तंद्रीत कुत्रं सरळ रस्त्यावर जातं आणि मोटारसायकलवाला काही थांबत नसतो. मागं पळायचं नाही, त्याला वाटतं शिवाशिवी चालू झाली, वेग अजून वाढतो. बोलवायचंच असेल तर उलट्या दिशेला पळा, आपोआप मागं येतं. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या मोठ्या छातीच्या कुत्र्याला पोटभर जेवण झाल्या झाल्या उधळू देऊ नका, पोट फुगून पीळ पडू शकतो आणि त्यात जीव जातो.

आणि मे महिन्यातल्या दुपारी चेंडू फेकून मुद्दाम पळवायचं तर अजिबातच नाही! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पायाच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळं धापा टाकूनच गार व्हायचं असतं. हिरड्या लालभडक झाल्या, चिकट लाळ यायला लागली, झोकांड्या जायला लागल्या तर साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली घ्या आणि दवाखान्यात न्या. लातूरच्या उन्हात हस्की, म्हणजे बर्फाच्या मुलखातलं दाट केसांचं कुत्रं, आणून फ्लॅटमध्ये ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगते, नका आणू, त्या लोकरीच्या अंगानं इथं पळायचं तरी कसं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो दिवसभर साखळीला असलेल्या कुत्र्यांसाठी. आमच्या गल्लीच्या टोकाला एका मामांचं कुत्रं असंच खांबाला असायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचं, लोक म्हणायचे लई खतरनाक आहे. मामांच्या मागं लागून लागून शेवटी त्यांनी गेट लावून आवारात सोडलं. पहिले काही दिवस ते साखळीच्या लांबीएवढंच फिरायचं, तेवढ्यातच गोल गोल. मग एका संध्याकाळी लिंबाच्या झाडाला वळसा घालून जे सुटलं, मोटारीचा हौद, जिना, परत झाड, बादली उलटली, मामी ओरडल्या आणि मामा म्हणाले, "पळू दे गं, एवढी वर्षं कुठं पळालंय ते." आता रोज दोन वेळा सोडतात, आणि भुंकणं बरंच कमी झालंय. तुमच्याकडं साखळीला कुत्रं असेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी सोडा, फक्त गेटची कडी आधी बघा.