ठाण्याचा फ्लश, इंडियानातून

रविवारी सकाळी नऊला मी चहा घेऊन बसते तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आमचा व्हिडिओ कॉल तेव्हाच. मागच्या महिन्यात बोलता बोलता आईच्या मागून धबाक्क असा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा.

“काय पडलं गं?”

“काही नाही, बाबा बादली ओततायत. फ्लशला जोर नाही ना.”

“कधीपासून?”

“झाले की सात-आठ महिने.”

दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं तिने. सोसायटीचा प्लंबर येऊन गेला होता. वरच्या मजल्यांना पाण्याचं प्रेशर कमी आहे, प्रेशर पंप बसवा, १८,००० रुपये, असं त्याचं म्हणणं. बाबांनी खर्चाचा आकडा ऐकला आणि बादली उचलली.

मी चहा बाजूला ठेवला. कारण या विषयातली मी आता जाणकार आहे. हसू नका. परदेशात राहून माणूस काय शिकतो असं लोक विचारतात. मी संडासाची टाकी उघडायला शिकले. ठाण्यात सव्वीस वर्षं राहिले, एकदाही त्या झाकणाखाली काय असतं ते बघितलं नव्हतं. ते काम आपलं नाही, कोणीतरी येतो आणि करतो, असं घरात न बोलता ठरलेलं. इथे तो कोणीतरी परवडत नाही.

इंडियानापोलिसच्या बाहेर आम्ही घर घेतलं ते १९९६ सालचं. वरच्या मजल्यावरचा फ्लश दाबला की पाणी आळसावल्यासारखं गोल फिरायचं, वर यायचं, विचार करायचं आणि हळूहळू खाली उतरायचं. कागद तिथेच. प्लंबरला फोन केला तर नुसतं येऊन बघायचे ९५ डॉलर, काम केलं तर त्याचे पैसे वेगळे. नवरा म्हणाला, व्हिडिओ बघून करू. ‘करू’ म्हणजे मी करणार, हे लग्नाच्या सहाव्या वर्षी कळायला लागतं.

पहिली गंमत ही कळली की अमेरिकन संडास आणि आपला वेस्टर्न संडास दिसायला भाऊ असले तरी स्वभाव वेगळा. आपल्याकडच्या भांड्यात पाणी वरून जोरात येतं आणि धक्क्याने सगळं पुढे ढकलतं. अमेरिकन भांडं ओढून घेतं. त्याच्या पोटात वर जाऊन खाली वळणारी अरुंद नळी असते. फ्लशचं पाणी एकदम आलं की ती नळी काठोकाठ भरते आणि सायफन सुरू होतो. स्कूटरच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढताना एकदा नळी भरली की पुढचं आपोआप येतं ना, तेच. शेवटी जो गुडगुड आवाज येतो तो नळीत हवा शिरून सायफन तुटल्याचा. पाणी हळू आलं तर नळी भरतच नाही, नुसतं काठावरून ओघळतं. आमच्याकडे तेच चाललं होतं.

मग बादलीची परीक्षा. हिचं मला फार कौतुक आहे. बादलीभर पाणी सरळ भांड्यात एका झटक्यात ओतायचं. भांडं झपकन रिकामं झालं तर पुढची वाट मोकळी आहे, दोष टाकीत किंवा टाकीतून पाणी भांड्यात येतं त्या वाटेवर. बादली ओतूनही पाणी तुंबलं तर अडथळा भांड्याच्या वळणात, पाइपात, नाहीतर छतावर जाणाऱ्या हवेच्या नळीत. त्या नळीत इथे पानं अडकतात, पक्षी घरटी करतात, आणि खालच्या मजल्यावर माणसं संडासाला दोष देतात.

अडचण एवढीच की अमेरिकन बाथरूममध्ये बादली नसते. कमरेखाली नळही नसतो. आठ हजार मैलांवरून येऊन माणूस दोन गोष्टींसाठी तडफडतो, त्यातली एक बादली. मी भारतीय दुकानातून आणलेली हिरवी बादली गॅरेजमध्ये रोपांना पाणी घालायला ठेवली होती. ती टबाच्या नळाखाली धरून भरली, ओतली, आणि संडास शहाण्यासारखा रिकामा झाला.

म्हणजे टाकी. झाकण उचललं. (आई तेव्हा कॉलवर होती. “शी! हात घालू नकोस!” अगं, ते नळाचंच स्वच्छ पाणी असतं, घाण त्या बाजूला जातच नाही. तिला आजही पटलेलं नाही.) आत जास्तीचं पाणी भांड्यात सोडणारी एक उभी नळी असते, पाणी तिच्या तोंडापासून चांगलं चार बोटं खाली. ते साधारण इंचभर खाली हवं. फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर चढून टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, त्याचा स्क्रू फिरवून पातळी वाढवली. खालच्या रबरी झडपेची साखळी इतकी सैल की झडप अर्धवट उघडून लगेच बसायची. तिच्या दोन कड्या कमी केल्या. आणि एक बारीक नळी जागेवरून निसटून टाकीतच पाणी सोडत होती. तिचं पाणी त्या उभ्या नळीत पडलं तरच फ्लशनंतर भांडं पुन्हा नीट भरतं, आणि भांड्यात आधीपासून पाणी कमी असेल तर सायफन धरायला वेळ लागतो. क्लिप लावली. वीस मिनिटांचं काम.

राहिली भांड्याच्या कडेखालची भोकं. आमच्या भागातलं पाणी जड, चुनखडीचं. आरसा धरून बघितलं तर निम्मी भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली. व्हिनेगर कोमट करून त्या उभ्या नळीत ओतलं, रात्रभर ठेवलं, सकाळी तारेने टोकरलं. फ्लश दाबला तेव्हा मी आणि नवरा दोघंही तिथे उभे राहून बघत होतो. मुंबईत असतो तर मरीन ड्राइव्हला लाटा बघितल्या असत्या.

यात एक इतिहासही हाती लागला. अमेरिकेत १९९२ साली कायदा झाला आणि १९९४ पासून घरगुती नवीन संडासाला एका फ्लशला १.६ गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण सहा लिटरपेक्षा जास्त पाणी वापरायला बंदी आली. त्याआधी साडेतीन गॅलन, म्हणजे तेरा लिटरच्या टाक्या सर्रास होत्या. कंपन्यांनी सुरुवातीला काय केलं, तर पाणी कमी केलं आणि भांड्याचा आकार बहुतेक जुनाच ठेवला. लोक दोनदोनदा फ्लश करायला लागले. भांडी नीट सुधारायला काही वर्षं गेली. आमचा १९९६ चा संडास त्याच मधल्या काळातला.

हे सगळं आठवलं आणि मी म्हटलं, आई, बादली ओतली की जातं का लगेच?

“लगेच! म्हणून तर ओततो.”

आठ महिने ती दोघं रोज परीक्षा घेत होती आणि निकाल कोणी वाचत नव्हतं. पाइप मोकळा. आणि प्रेशरचाही संबंध नाही! टाकीतलं पाणी खाली येतं ते स्वतःच्या वजनाने. लाइनचं प्रेशर कमी असेल तर टाकी भरायला वेळ लागेल, एवढंच. भरलेली टाकी तेवढ्याच जोराने सुटणार. पंपाचा उपयोग भिंतीत बसवलेल्या, बिनटाकीच्या फ्लश व्हॉल्व्हला. आपल्या घरी तर साधी पांढरी प्लास्टिकची टाकी आहे.

“बाबा, फोन घेऊन आत जा. झाकण काढा.”

“आत्ता? दिवेलागणीची वेळ आहे,” आई म्हणाली. बाबा मात्र लगेच गेले. निवृत्त हिशेबनीस माणूस, १८,००० वाचणार म्हटल्यावर.

घर घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर. बिल्डिंगमध्ये फ्लशला बोअरचं पाणी, बाकीला महापालिकेचं, कमी पडलं की टँकर. तेव्हा मला वाटलं होतं फ्लोटच्या तोंडाशी गाळ अडकला असेल. बटण फिरवून झाकण निघालं, बाबांनी मोबाइलची टॉर्च लावली, आणि आत दोन बाटल्या. अर्ध्या लिटरच्या, पाण्याने भरलेल्या, बूच घट्ट लावलेल्या. एक उभी. दुसरी आडवी पडून फ्लोटच्या दांडीखाली अडकलेली, त्यामुळे दांडी कायम वर, आणि पाणी खुणेच्या चार बोटं खालीच बंद होत होतं.

“या काय आहेत?”

“पाणी वाचवायला.” बाबा जरा घुटमळले. “मागे पाणीकपात होती ना, तेव्हापासून.”

तेव्हा टाकी दहा लिटरची होती. एक लिटर कमी झाल्याने काही बिघडत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाथरूम नवीन केलं, टाकी सहा लिटरची आली, आणि बाबांनी बाटल्या इमानाने नव्या टाकीत नेल्या. दिवाळीच्या आधी वॉशर बदलला तेव्हा काढून परत ठेवल्या, त्यात एक कलंडली. म्हणजे अमेरिकन कंपन्यांनी १९९४ मध्ये जे केलं तेच बाबांनी चौदाव्या मजल्यावर केलं होतं.

“एका फ्लशला एक लिटर वाचतो,” बाबा म्हणाले.

“आणि बादली किती लिटरची?”

“सोळा.” थोडं थांबून, “अर्धीच ओततो.”

पुढे ते काही बोलले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासलेत त्यांनी.

दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या. टाकी भरायला वेळ लागत होता, कारण खालचा अँगल कॉक त्यांनी बचतीसाठी अर्धा बंद ठेवलेला. तोपर्यंत मी बजावून घेतलं: कडेखालचे क्षार काढायचे तर वाण्याकडचं लिंबाचं फूल कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा. ते संडास धुवायचं पिवळं अ‍ॅसिड टाकीत अजिबात नको, आतल्या भागांची वाट लागते. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. बाबा ‘हो, हो’ म्हणत टाकीत टॉर्च मारून पाणी चढताना बघत होते.

खुणेपर्यंत आलं. फ्लोट वर जाऊन बसला, सूं आवाज थांबला. बाबांनी मोठं बटण दाबलं. फोनच्या स्पीकरमधूनसुद्धा दणक्यात ऐकू आलं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज: “अहो, अर्धीच ओता! आज टँकर आलेला नाही.”